सासऱ्यांचं एकुलतं एक हसू

सासरे गेले आणि त्यांची फिल्म कापायचं काम जावयाच्या गळ्यात पडलं. जावई सिनेमाचा संकलक, म्हणजे घरचाच माणूस. आजारपणात मेव्हण्याने कॅमेरा लावून वडिलांची मुलाखत घेतली होती, ती सासूबाईंना बघायची होती. एवढंच मागणं होतं बिचारीचं.

चित्रण बघून जावयाने कपाळाला हात लावला. मेव्हणा काहीतरी विचारतो, सासरे खिडकीबाहेर बघत राहतात, आणि समोरचा चहा निवल्यावर कधीतरी "हं" म्हणतात. हयातीतही ते असेच होते. पण तेव्हा कापता येत नव्हतं.

जावयाने कात्री चालवली. सगळं गप्प बसणं उडवून "हं" थेट प्रश्नाला चिकटवलं. सासरे एकदम हजरजबाबी झाले. तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली.

"अरे, माझा विषय निघतो तिथे बाबा जरा हसू देत ना."

अख्ख्या चित्रणात सासरे एकदाच हसले होते. ते हसू त्याने तिथे लावलं. बायकोला हुंदका फुटला, आणि तिने ते भावाला सांगितलं.

"भावोजी, माझ्या धंद्याचं बोलणं आहे, तिथेपण टाका की!"

मग थोरल्या मेव्हणीचा फोन आला. वडिलांशी भांडून गेलेली ती आजारपणातही फिरकली नव्हती.

"मला माफ केल्यासारखं दिसेल का हो काही?"

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? तेच हसू कुठे जवळून दाखवलं, कुठे उजळ केलं, कुठे डाव्याचं उजवं केलं.

लॅपटॉप टीव्हीला जोडून फिल्म दाखवली, तेव्हा जो तो आपापल्या हसण्यापाशी रडला. सासूबाई तेवढ्या कोरड्या.

"जावईबापू, यांची दाढ इतक्यांदा का दुखतेय?"

"हसताहेत ते, आई."

"जन्म गेला माझा. तोंड असं वाकडं झालं की मी गोळी काढून ठेवायचे."

कुणी कुणाकडे बघेना. थोरलीचा चेहरा तर पार उतरला. माफी म्हणून तिने दाढदुखी उराशी धरली होती.

"आणि यांचं गप्प बसणं कुठे गेलं?"

"कापलं, आई. फार रेंगाळत होतं."

"ते लावा."

त्याने मूळ चित्रण लावलं. सासरे खिडकीबाहेर बघू लागले. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"वारा येतोय, शाल घ्या म्हटलं तर ऐकायचं नाही," त्या पुटपुटल्या.

बऱ्याच वेळाने पडद्यावरून "हं" आलं. अगदी नेमक्या जागी. इतका नेमका कट जावयाला उभ्या आयुष्यात जमला नव्हता.

"थोरली आलीय. बोला आता तिच्याशी," सासूबाई पडद्याला म्हणाल्या.

थोरली उठून आईच्या पायाशी बसली आणि पडद्याकडे डोळे लावून वाट बघू लागली. पुढे एकही "हं" शिल्लक नाही, हे फक्त जावयाला ठाऊक होतं. त्याने लॅपटॉपवर मागचं एक "हं" हळूच उचलून पुढे नेलं. लगेच नाही ठेवलं. चांगलं चहा निवेल इतकं लांब ठेवलं.