न झालेल्या सामन्याचं वजन

सोमवारी सकाळी साडेसातला हातोडा न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभा राहिला आणि सुई एक्क्याऐंशीवर जाऊन थांबली. तो खाली उतरला, चपला काढल्या, पुन्हा चढला. एक्क्याऐंशी. मग त्याने पोट आत घेतलं, श्वास रोखला आणि एका हाताने खिडकीचा गज धरून पाहिला. सुई थोडी हलली खरी, पण जन्मभर गज धरून उभं राहता येणार नव्हतं. एवढ्यात दाराची बेल वाजली. मेहुणा वजन बघायला आला होता.

हातोडा म्हणजे तोच, मुष्टियुद्धातला. चौदा महिन्यांपूर्वी तो आणि मौनी बारा फेऱ्या लढले होते आणि मौनी एका गुणाने जिंकला होता. तेव्हापासून न्हावी, दूधवाला, बँकेतला कारकून, जो भेटेल तो हातोड्याला सांगायचा की खरे जिंकलात तुम्हीच, पंचांना दिसत नव्हतं. हे न मानणारी एकच व्यक्ती होती आणि ती त्याच्याच घरात राहत होती. बायको त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून ठोसे मोजत होती. "तुम्ही हरलात," घरी येताना गाडीत ती म्हणाली होती. "एकाच गुणाने, पण हरलात. बर्फ धरा गालावर." तिचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. तिला खोटं बोलता यायचं नाही, एवढंच. हातोड्याचं कपाट ढाली आणि पट्ट्यांनी भरलेलं होतं, पण त्याला आता हवा होता तो एकच शब्द, बायकोच्या तोंडून: जिंकलात. त्यासाठी दुसरा सामना होणं भाग होतं.

सामना सगळ्यांनाच हवा होता. त्यात मिळणार होते ते पैसे ऐकून हातोड्याचा मेहुणा विम्याची नोकरी सोडून त्याचा व्यवस्थापक झाला होता. पलीकडे मौनीची व्यवस्थापक होती त्याची थोरली बहीण. ती शाळेत गणित शिकवायची आणि मौनीला अजूनही पाढे विचारते अशी बातमी होती. या दोघांनी चौदा महिने एका टेबलाशी बसून करारावर घासाघीस केली होती. पोस्टरवर नाव कोणाचं आधी, यात पाच महिने गेले. रिंगमध्ये शेवटी कोण येणार, यात चार. शेवटी दोघांनी दोन दारांतून एकाच वेळी यायचं ठरलं आणि दोन्ही दारांपासून रिंगपर्यंतचं अंतर थोरलीने स्वतः फूटपट्टीने मोजलं. आता एकच कलम उरलं होतं, ते वजनाचं. मर्यादा चौऱ्याहत्तर किलोंची होती.

तर बेल वाजली तेव्हा हातोड्याने वाकून काट्याच्या मागचं छोटं चाक फिरवलं. सुई शून्याच्या मागे आठ घरं गेली. मेहुणा आत आला तेव्हा काट्यावर उभ्या असलेल्या हातोड्याचं वजन त्र्याहत्तर भरत होतं.

"भाऊजी, कमाल आहे तुमची," मेहुणा म्हणाला. "दिसायला मात्र जरा भरल्यासारखे दिसता."

"स्नायू आहेत ते," हातोडा म्हणाला.

त्याची काही फसवायची इच्छा नव्हती. दोन महिने हातात होते. आठ किलो म्हणजे काय, त्याने ऐन उमेदीत दहा दिवसांत सहा उतरवले होते. एकदा मनावर घेतलं की झालं, अशी त्याची पक्की खात्री होती. ते मनावर कधी घ्यायचं, एवढंच ठरायचं होतं. तोवर रिकाम्या काट्याची उलटी गेलेली सुई बायकोला दिसू नये म्हणून त्याने काट्यावर एक टॉवेल टाकून ठेवला.

घोळ झाला तो मेहुण्याच्या हुशारीमुळे. मौनीने नव्या विजारी शिवायला टाकल्यात, त्याही कमरेत सैल, अशी पक्की खबर त्याने एका शिंप्याकडून काढली. आपला माणूस त्र्याहत्तर आणि तो फुगलाय, मग मर्यादा आणखी खाली ओढली की तो अर्धमेला होऊनच रिंगमध्ये येईल, असा त्याने हिशेब केला. त्याने थोरलीला त्र्याहत्तरची मागणी घातली. थोरलीने चष्मा पुसला आणि म्हणाली, त्र्याहत्तर कशाला, बहात्तर करा की. मेहुणा चाट पडला, पण मान्य करून आला.

ही बातमी ऐकल्यावर हातोडा तडक न्हाणीघरात गेला. पुढच्या सोमवारी मेहुणा आला तेव्हा काटा एकाहत्तर दाखवत होता. ते बघून मेहुण्याने जाऊन एकाहत्तरची मागणी केली, तर थोरलीने सत्तर सांगितले. तिकडे आकडा उतरला की इकडे चाक फिरायचं, आणि चाक फिरलं की आकडा आणखी उतरायचा. चार आठवड्यांत करारावरची मर्यादा अडुसष्टवर आली. हातोडा मात्र होता तिथेच होता, कारण एवढ्या काळजीने त्याला भूक फार लागायची.

खरं सांगून मोकळं व्हावं असं त्याला एकदा वाटलंही. पण मेहुण्याने करारात एक कलम घातलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. जो आधी माघार घेईल त्याने लेखी जाहीर करायचं, की चौदा महिन्यांपूर्वीच्या सामन्यात खरा हरलेला मीच. मौनी या कलमाला घाबरेल असं मेहुण्याला वाटत होतं. आता ते वाचून झोप उडाली होती ती हातोड्याची. असं लिहून दिलं असतं तर बायकोने तो कागद फ्रेम केला नसता, पण जपून नक्की ठेवला असता.

सहीच्या आदल्या दिवशी त्याने चाकाला शेवटचा हिसका दिला आणि चाक निघून त्याच्या हातात आलं. सुई गरागरा फिरून एकशेवीसवर अडकली. मेहुणा दुपारी येणार होता. बायको बाहेर गेल्याबरोबर हातोड्याने काटा टॉवेलात गुंडाळला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे त्याला कोणी ओळखणार नाही अशा गल्लीत, काटे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान गाठलं.

दुकान अरुंद होतं. भिंतीला तराजू टांगलेले, खाली लोखंडी वजनं मांडून ठेवलेली, आणि मागे पोती तोलायचा मोठा काटा. काटेवाला म्हातारा होता. त्याने टॉवेल सोडला, हातातलं चाक पाहिलं आणि मान हलवली.

"कमाल आहे. आज सकाळपासून हा दुसरा. असंच चाक पिळून पिळून काढलंय." त्याने बोटाने कोपरा दाखवला. "ते बसलेत ना, त्यांचा पहिला."

कोपऱ्यातल्या स्टुलावर एक रुंद माणूस तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसला होता. वर्तमानपत्र उलटं होतं. ते हळूहळू खाली आलं आणि हातोड्याला चौदा महिन्यांनी मौनीचं तोंड दिसलं. ते पूर्वीपेक्षा बरंच गोल झालं होतं.

कितीतरी वेळ दोघं एकमेकांच्या पोटाकडे बघत राहिले.

"अडुसष्ट," हातोडा म्हणाला.

"अडुसष्ट," मौनी म्हणाला.

आणि मग दोघांनाही असं हसू फुटलं की टांगलेले तराजू हलायला लागले. मौनी हसतो हे हातोड्याला ठाऊकच नव्हतं. त्याला भीती होती ती थोरलीची. दर सोमवारी ती वही घेऊन वजन टिपायला यायची, आणि पहिल्या दिवशी त्याने सहज म्हणून चाक फिरवलं होतं. हातोड्याला वाटलं, गेल्या वर्षभरात आपलं दुःख कळणारा हा पहिलाच माणूस भेटला. काटेवाल्याने दोघांना नीट निरखलं आणि म्हणाला, एवढा वजनाचा घोळ आहे तर एकदा खरं काय ते बघून का घेत नाही? त्याने मोठा काटा पुसला, सरकारी शिक्क्याची वजनं मांडली. दोघांनी चपला, टोप्या आणि खिशातल्या किल्ल्या काढून ठेवल्या आणि एकेक करून पोत्यांच्या जागी उभे राहिले. हातोडा एक्क्याऐंशी भरला. मौनी ब्याऐंशी.

आता माघार घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि माघार तर कोणीच घेणार नव्हतं. तोड सुचली ती मौनीला. फार कमी बोलणाऱ्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो.

"ताईला सांगतो, सगळं मान्य कर," तो म्हणाला. "तूही तसंच सांग."

"त्याने काय होणार?"

"सामना होणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सह्यांची बैठक भरली. मेहुण्याला भाऊजींची आज्ञा होती, मागतील ते देऊन टाक. थोरलीलाही भावाने तेच सांगितलं होतं. मेहुण्याने सुरुवात केली, की पोस्टरवर मौनीचं नाव आधी आलं तरी आमची हरकत नाही. थोरलीने पेन खाली ठेवलं. पाच महिने ज्यासाठी भांडला ते हा आता फुकट का देतोय? ती म्हणाली, नको, हातोड्याचंच आधी असू द्या. मेहुण्याने कान टवकारले. वर छापलेल्या नावात काहीतरी गोम असणार. त्याने शेवटी यायचा मान देऊ केला, तिने तो साभार परत केला आणि वर कपडे बदलायची मोठी खोली देऊ केली. मोठ्या खोलीचं नाव निघताच त्याला आत काय लपवलं असेल या विचाराने घाम फुटला. वीस मिनिटं दोघं एकमेकांना सगळं देत होते आणि कोणी काही घेत नव्हतं. शेवटी थोरली म्हणाली, "एवढं चांगलं वागणाऱ्या माणसाबरोबर मी सही करणार नाही," आणि नेमक्या त्याच क्षणी मेहुणाही खुर्ची मागे सारून उठला. आधी कोण उठलं याचा निकाल लागला नाही, त्यामुळे माघारीचं कलम कोणालाच लागू झालं नाही. वर्तमानपत्रांनी पुढे वाहिन्यांचे वाद, खांद्याच्या दुखापती आणि पैशांची वाटणी असं बरंच काय काय छापलं. त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं.

त्या दुपारी हातोड्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. ती बटाटे सोलत होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "महिनाभर एकच टॉवेल काट्यावर पडलाय, धुवायला टाकत नाही तुम्ही. म्हटलं बघू कुठवर जातंय." मग तिने विचारलं, "दुकानात किती भरलात?"

"एक्क्याऐंशी."

"आणि तो?"

"ब्याऐंशी."

तिचा हात थांबला. काटा शिक्क्याचा होता का, तिने विचारलं. चपला दोघांनीही काढल्या होत्या का? किल्ल्या? आधी कोण चढलं, मध्ये काटा पुन्हा शून्यावर आणला होता का? हातोडा एकेक उत्तर देत गेला आणि एकेक पाऊल तिच्याकडे सरकत गेला. बाराव्या फेरीनंतर निकालाची वाट बघतानासुद्धा त्याची अशी अवस्था झाली नव्हती. तिने सगळं मनात मांडून पाहिलं, सुरी खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं.

"मग या वेळी तुम्ही जिंकलात," ती म्हणाली. "एकाच किलोने, पण जिंकलात."

हातोड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण फार सुखी माणूस आहोत असं त्याला वाटलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. तो तिच्यासमोर बसला आणि उरलेले बटाटे स्वतःच सोलायला लागला.

फोन वाजला. मौनी होता. दुकानात दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले होते.

"ताईने विचारलं किती भरलास," मौनी म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "सांगितलं. म्हणाली, हरलास. ताट वाढताना दोनदा म्हणाली. आज सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही. पुढच्या रविवारी परत वजन करू. तोच काटा, तीच वजनं. तू म्हणशील तेव्हा."

मौनी आयुष्यात एका दमात एवढं बोलला नव्हता. हातोड्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघून हसत होती, आणि असं हसताना त्याने तिला चौदा महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्याने घसा साफ केला.

"रविवारचं बघावं लागेल," तो सावकाश म्हणाला. "एवढी काय घाई आहे? तू असं कर, माझ्या मेहुण्याशी बोलून घे."

आणि फोन ठेवून त्याने पावाला लोणी लावायला घेतलं.