संपतभाऊंची जर्मन मोरी

संपतभाऊंच्या घरी चहा मिळायच्या आधी हौदात आडवं व्हावं लागे. हौद कोरडा असे, एवढी सवलत होती. तलाठी येवो नाहीतर व्याही येवो, भाऊ त्याला मोरीत नेत, सिमेंटच्या लांबलचक हौदात निजवत आणि विचारत, "मान टेकते का? पाय पुरते? सांगा, लाजू नका."

मी देऊळघाटच्या दवाखान्यात नर्स आणि भाऊंची शेजारीण. मला निजायला सांगणं त्यांना जमलं नाही, पण सल्ला रोज विचारत. नागपूरला शिकताना मी साहेबी न्हाणीघर पाहिलं होतं ना.

हे सगळं सुनेसाठी चाललं होतं. मुलगा मधुकर जर्मनीत कारखान्यात, बायको तिकडचीच, हेल्गा. मागच्या खेपेला दोघं बुलढाण्याच्या डाकबंगल्यात उतरली. सकाळच्या एस.टी.ने इथे यायची आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने परत जायची. सासरच्या घरात सून एक रात्रही राहिली नाही. "तिला इथली मोरी जमणार नाही, दादा," एवढंच मधुकर म्हणाला. भाऊ रागावले नाहीत. त्यांनी गवंडी बोलावला.

"समजून घ्या, बाई," हे त्यांचं पालुपद. "तिकडचं माणूस पाण्यात निजून आंघोळ करते."

त्यांची विधवा बहीण अनसूयाआत्या चुलीपासून म्हणाली, "आपला मळ, आपलंच पाणी, अन् त्याच्यातच आपण. आंघोळ करून राह्यली का वरण शिजवून राह्यली?"

मलकापूरला रेल्वेने आलेलं चिनी मातीचं भांडं ट्रकमधून उतरलं तेव्हा निम्मं गाव गोळा झालं.

"याच्यावर बसतात कसे, भाऊ?"

"खुर्चीवर बसल्यावानी."

"खुर्चीवर बसून कोणाचं काम झालं बे आजवर?" मागून कोणीतरी म्हणालं. "कचेरीत जाऊन पाह्य."

भाऊंना लोकांच्या हसण्याचं काही नव्हतं. त्यांची अडचण कागदाची होती. तिकडे पाण्याऐवजी कागद वापरतात हे मी सांगितल्यावर ते दोन दिवस मोरीकडे फिरकले नाहीत. "बाई, कागदाले पाय लागला तर आपण हात जोडतो. अन् हे लोक..." तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला. "कोरा कागद चालते. त्याच्यावर अजून विद्या उतरली नाही." कागद आला. शेजारी घासून लखलखीत केलेला तांब्याही आला. मन बदललं तर असावा म्हणून.

मी एकच चूक दाखवली. "भाऊ, तुमचा बंब तीन बादल्यांचा. हा हौद भरायला संध्याकाळ होईल. माझा बंब न्या."

"नको, बाई. एकच बंब पुरते," ते घाईने म्हणाले.

हिवाळ्यात दोघं आली. सामान डाकबंगल्यातच होतं. हेल्गाने हौद पाहिला आणि टाळ्या पिटल्या. तिला तिथल्या तिथे आंघोळ करायची होती. दुपारीच बंब पेटला. गडी बादल्या ओतू लागला. हेल्गा खांद्यावर टॉवेल टाकून अंगणात आत्यासोबत शेंगा खात बसली.

ऊन कलायला लागलं. मधुकर घड्याळ पाहत होता. "दादा, किती वेळ? गाडी चुकेल."

"झालंच. दोन बादल्या."

गडी कपाळ पुसत आला. "मालक, पाणी चढूनच नाही राह्यलं."

"नवा हौद आहे. सिमेंट पाणी पिते."

सिमेंट इतकं पीत नाही, एवढं मला कळतं. मी मोरीमागे जाऊन पाहिलं. केळीच्या आळ्यात वाफाळतं पाणी संथ उतरत होतं. हौदाचं बूच ढिलं होतं. भाऊ मागे येऊन उभे राहिले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांचा कान सडकेकडे होता. दिवसभरात त्यांनी एकदाही "राहा" म्हटलं नव्हतं. तो शब्द त्यांच्याच्याने निघत नव्हता.

वडाजवळ हॉर्न वाजला. गाडी थांबली, निघाली, आवाज घाटाकडे विरत गेला.

"गेली का, बाई?"

"गेली."

भाऊ मोरीत गेले, बाह्या सारून हौदात वाकले आणि बूच दाबून बसवलं. मग चुलीकडे वळून म्हणाले, "अनसूये, भाकरी जास्त टाक. पाहुणे मुक्कामी आहेत."

मी माझा बंब आणायला घरी गेले.