चौथी पायरी

ओवीने ठरवलं होतं ते एवढंच, की आइस हॉकीची एक मॅच बघायची. एकच. बर्फावरची हॉकी हा आपल्या आयुष्याचा भाग होईल असं कोथरूडमध्ये राहणाऱ्या मुलीला वाटायचं काही कारण नसतं, आणि तिलाही वाटलं नव्हतं.

कारण होतं ग्रेग. ओवीच्या कंपनीचा एक क्लायंट कॅनडात होता आणि ग्रेग हा त्यांचा मॅनेजर. सहा महिन्यांसाठी पुण्यातून एक जण तिकडे जाणार होता. नावं दोन, ओवी आणि सलिल. निवड ग्रेगच्या हातात, आणि ग्रेग प्रत्येक कॉलची पहिली दहा मिनिटं त्याच्या गावच्या हॉकी टीमवर बोलायचा. ती टीम प्लेऑफमध्ये पोचली होती, म्हणजे बाद फेरीत. सलिल मधेमधे "ग्रेट गेम, ग्रेट गेम" म्हणायचा. त्याने एकही मॅच पाहिलेली नाही हे ओवीला पक्कं माहीत होतं. (तिनेही पाहिली नव्हती, आणि ती तेच म्हणणार होती. त्याने आधी म्हटलं.)

दुसरी अडचण बाबा. आप्पासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता घरातली प्रत्येक गोष्ट अडवण्याचं काम करत होते.

"तिकडे उणे तीस असतं."

"मे महिन्यात नसतं, बाबा."

"मे महिना किती दिवस टिकतो?"

ओवीने बाबांसाठी अकरा मुद्दे लिहून ठेवले होते. कॉलेजात तिला वादविवाद स्पर्धेची ढाल मिळाली होती, विषय 'अंधश्रद्धा आणि शिक्षित समाज', आणि ती ढाल टीव्हीवरच ठेवलेली होती. पण बाबा पहिल्याच मुद्द्याला पेपर उघडायचे आणि उरलेले दहा तसेच राहायचे.

तर, मॅच पहाटे साडेपाचला लागली. ओवीने आवाज बंद ठेवला होता, तरी पाच मिनिटांत बाबा येऊन खुर्चीत बसले.

"हे काय?"

"हॉकी."

"बॉल कुठाय?"

"बॉल नसतो. रबराची चकती असते."

"दिसत नाही."

"कोणालाच दिसत नाही, बाबा. सगळे जिकडे पळतात तिकडे असते."

बाबांना हे पटलं. खात्यात त्यांनी तीस वर्षं असंच काम केलं होतं. मग दोन खेळाडूंनी हातमोजे टाकून एकमेकांना बडवायला सुरुवात केली आणि पंच बाजूला उभे राहून संपायची वाट बघू लागले.

"सोसायटीची वार्षिक सभा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती नुकतीच उठली आहे असं वाटूच नये इतकी ती ताजीतवानी होती.

त्या दोघांना काचेच्या पेटीत नेऊन बसवलं, तेव्हा बाबा पुढे सरकले. "शिक्षा म्हणून नुसतं बसवतात? आमच्याकडे ह्याला प्रमोशन म्हणायचे."

ग्रेगची टीम निळ्या कपड्यांतली. ओवी दात घासायला गेली तेव्हा निळ्यांनी गोल केला. ती परत येऊन बसली तर पांढऱ्यांनी दोन केले. ती दूध आणायला खाली गेली आणि वर येईपर्यंत बरोबरी झाली होती. बाबांनी तिच्याकडे आणि दुधाच्या पिशवीकडे आळीपाळीने पाहिलं.

"तू बाहेर थांब जरा."

आता, ह्या घरात क्रिकेटची मॅच ज्यांनी पाहिली आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. विकेट पडू नये म्हणून आत्याला एकदा चाळीस मिनिटं न्हाणीच्या दारात टॉवेल धरून उभं केलं होतं. पण ओवीने लहानपणीच ह्या प्रकाराविरुद्ध बंड केलं होतं. "काहीही काय बाबा. ते बारा हजार किलोमीटरवर खेळतायत. माझ्या बसण्याने काय होणार?"

"बसण्याने नाही. असण्याने."

ती हट्टाने सोफ्यावर बसून राहिली. निळे हरले.

सातपैकी चार जिंकणारी टीम पुढे जाणार होती. पुढच्या मॅचला ओवी बसून राहिली, निळे हरले. त्यापुढच्या दोन्ही मॅचना ऑफिसची बस लवकर होती म्हणून ती अर्ध्यातून उठली, निळे जिंकले. बाबांनी नुसतं आईकडे बघून मान हलवली. पाचव्या मॅचला ती बसली आणि निळे पुन्हा हरले. सहावी मॅच सोमवारी सकाळी होती. त्याच संध्याकाळी साडेसातला कॉल होता आणि ग्रेग नाव सांगणार होता. मॅच हरलेला ग्रेग कसा असतो हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. गेल्या हरण्यानंतर त्याने पुण्याच्या ऑफिसचं चार महिन्यांचं काम 'ठीक आहे' ह्या दोन शब्दांत संपवलं होतं.

सोमवारी तीन-तीन गोल झाले आणि वेळ संपली. त्यानंतर जो पहिला गोल करेल तो जिंकणार, आणि तोवर वीस-वीस मिनिटं खेळतच राहायचं.

"तोवर म्हणजे?" आईने विचारलं.

"गोल होईपर्यंत."

"आणि नाहीच झाला तर? जेवतात कधी मग ते?"

ओवीने ढालीकडे पाहिलं नाही. कोणी काही म्हणायच्या आत ती उठली, दार उघडलं आणि जिन्यात जाऊन बसली. (फक्त मोकळ्या हवेसाठी. असं तिने स्वतःला सांगितलं. जिन्याला खिडकी नव्हती.)

नऊ वाजता तिने ऑफिसात एसएमएस केला, तब्येत बरी नाही, दुपारी येते. सलिलचं लगेच उत्तर आलं. "गेट वेल सून. कॉल मी सांभाळतो." तेव्हापासून तिची तब्येत खरंच बिघडली.

खालच्या मजल्यावरच्या सत्यशीलाबाई भाजी घेऊन वर आल्या, गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या.

"भांडण झालं का घरात?"

"नाही काकू. मॅच चालू आहे."

"मग तू बाहेर?"

"मी आत असले की गोल होत नाही." हे वाक्य आपल्या तोंडून गेलं ह्याचं तिलाच वाईट वाटलं.

सत्यशीलाबाईंना मात्र काहीच वाटलं नाही. "शारजाच्या वेळी आमच्या ह्यांना मी गॅलरीत ठेवलं होतं. ऊन लागलं, पण जिंकलो." त्या घरात जाऊन पाट घेऊन आल्या आणि वरून चौथ्या पायरीवर ठेवून दिला. "इथे बस. इथे वारा लागत नाही."

दहा वाजून वीस मिनिटांनी आतून आईचा आवाज आला. मग दार उघडलं. बाबा बनियनवरच बाहेर आले आणि तिच्या शेजारी, पायरीवरच बसले. गेल्या कित्येक वर्षांत ते तिच्या शेजारी असे बसले नव्हते. नेहमी समोर असायचे, पेपरच्या पलीकडे.

"झाला," ते म्हणाले. "निळ्यांचा."

ओवीने मान हलवली.

"ते मधल्या वेळात गाव दाखवतात. नदी बरी आहे. पूल तीन दिसले, एकाचं काम चांगलं आहे." त्यांनी बनियन सारखं केलं. "तू बाहेर असलीस की चांगलं होतं, हे आता सिद्ध झालंय. मी नाही कशाला म्हणू. जा."

"चौथ्या मॅचचा शेवटचा गोल ती घरात असतानाच झाला होता," आई दारातून म्हणाली. "बस चुकली म्हणून परत आली होती ना. तुम्ही चहा घेत होतात."

"तो मोजायचा नाही," बाबा म्हणाले.

तिला एकदम आठवलं की बाबा दर मॅचला तिच्याही आधी उठत होते, आणि चकती त्यांना अजूनही दिसत नव्हती. अकरा मुद्दे तिने पर्समध्येच ठेवले. बाबांना कुठल्याच मुद्द्यावर हरायचं नव्हतं. ते वेगळ्याच दाराने बाहेर आले होते.

संध्याकाळी कॉलवर ग्रेगचा घसा बसला होता.

"ग्रेट गेम," सलिल म्हणाला.

"कुठला गोल आवडला?"

सलिलने खुर्ची पुढे ओढली. "शेवटचा."

"तो सगळ्यांनाच आवडतो. ओवी, तुला?"

खोटं सांगता आलं असतं. बाबांनी तो गोल कसा झाला ते हातवारे करून तीनदा सांगितलं होतं. पण तिने खरं सांगितलं. "मी पाहिलाच नाही. मी जिन्यात बसले होते. मी घरात असले की तुमची टीम गोल करत नाही."

सलिलने तिच्याकडे असं पाहिलं जसं काही तो बॅग भरायलाच घेणार आहे.

"मी गॅरेजमध्ये होतो," ग्रेग हळूच म्हणाला. "बायकोने पाठवलं." मग तो इतका हसला की त्याला खोकला आला. "सहा महिने जी माझ्या शेजारी बसणार ती खरं बोलणारी हवी. तू ये. पण सीरिज संपेपर्यंत नाही. तोवर माझ्या टीमपासून लांब राहा. आणि बुधवारी त्या जिन्यातच बस."

घरचे जा म्हणत होते, क्लायंट येऊ नको म्हणत होता, आणि दोघांचा पुरावा एकच होता.

बुधवारी सातवी मॅच. ओवी साडेपाचला स्वतःच पाट घेऊन जिन्यात गेली आणि त्याच चौथ्या पायरीवर बसली. आईने उशी दिली, सत्यशीलाबाईंनी थर्मास. सात वाजता जिना पुसणाऱ्या मुक्ताबाई आल्या.

"ताई, जरा वर सरका, ही पायरी ओली होतीय."

ओवी एक पायरी वर सरकली. पायरी वाळेपर्यंत म्हणून सरकली आणि तिथेच राहिली.

पावणेआठला निळे एका गोलने हरले. बाबा दार उघडून नुसते उभे राहिले.

दुपारी ग्रेगची मेल आली. तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली असणार. मेल उघडायच्या आधी ओवी पाणी प्यायली. दोन ओळी होत्या.

"कुठे बसली होतीस?

तिकीट पुढच्या सोमवारचं काढतोय. आता आलीस तरी काही बिघडायचं राहिलेलं नाही."

अंधश्रद्धा आणि शिक्षित समाज ह्या विषयावर पहिल्या आलेल्या ओवीने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. तिकीट, सोमवार, कॅनडा. सहा महिन्यांपासून तिला हवं होतं ते सगळं दुसऱ्या ओळीत होतं.

तिने उत्तर पहिल्या ओळीला लिहिलं.

"तिसऱ्या पायरीवर. चूक माझीच."