चाकूंच्या पेटीने दिवाणखान्याची भिंत सर केली, त्याची हकीगत

थोरामोठ्यांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक दिवाणखाना इतक्या मुलखात जे रण माजले ते कोणी कागदावर न आणिले, ही मोठी हलगर्जी जाणोन, जे उघड्या दारातून पाहिले आणि जे बंद दारास कान लावून ऐकिले, ते सर्व तपशीलवार लिहितो. यात पदरचे घातले असेल तर चवीपुरते मीठ. बाकी जिन्नस अस्सल आहे.

राजश्री चष्मेवाले, भिंगांचे कसबी, नाक्यावरील चष्म्यांच्या दुकानाचे धनी, अधू नजरेच्या रयतेचे कैवारी, यांस घडीच्या चाकूंचा भारी शौक. शिंगाच्या मुठीचे, शिसवी मुठीचे, पितळी कडांचे, एक पात्याचे आणि कित्येक पात्यांचे, ऐसे नानापरींचे चाकू त्यांनी जुन्या बाजारांत तंगडतोड करून जमविले. आणि एवढे हत्यार जमवून आजवर कापिले काय? तर खाक! एकही पाते कधी लिंबास शिवले नव्हते. धारेस डाग पडेल, मुठीस घाम लागेल, या धास्तीने कोणी हात लावू न पावे, आणि घरात चाकूंची ऐसी रेलचेल असता दुधाची पिशवी दातांनी फोडण्याचा रिवाज पडला होता, आणि ते दात खुद्द चष्मेवाल्यांचे असत.

ही तमाम फौज पलंगाखाली, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत, जुन्या मोज्यांत गुंडाळोन मुक्कामास होती. पाव्हणे येत आणि चष्मेवाले मोठ्या हौसेने पलंगाखाली शिरत आणि डबा शोधून, मोजा सोडून, धूळ झटकून बाहेर येत, तो पाव्हणे चपला घालून जिन्यात. चष्मेवाल्यांच्या जिवास हीच एक खंत लागली की, दिवसभर लोकांस नीट दिसावे म्हणोन खपावे आणि आपली दौलत मात्र कोणाच्या दृष्टीस पडू नये, हे कैसे जिणे! मग त्यांनी मनी आणिले की, दिवाणखान्याची भिंत घ्यावी, काचेची पेटी लावावी आणि फौज उजेडात आणावी.

परंतु तो मुलूख बाईसाहेबांचा. चष्मेवाल्यांच्या या कुटुंबास घरात आणि शेजारात 'सरकार' हाच किताब. सोफ्यावरची ती भिंत सरकारांनी हट्टाने मोकळी राखिली होती. तीवर तसबीर नाही, कॅलेंडर नाही, खिळादेखील नाही. कोणी विचारिल्यास उत्तर ठरलेले, की घरात एक तरी जागा डोळ्यांना विसावा म्हणून असावी. ऐशा भिंतीवर चाकू टांगणे म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणे.

तेव्हां चष्मेवाल्यांनी कन्येस वकिलीस धाडिले. कन्या कॉलेजात शिके आणि दोहींकडे तिचे वजन. बोलणी बहुत दिवस चालली, दोनदा मोडली, एकदा तर भाजीत मीठ जास्त पडण्यापर्यंत गोष्ट गेली, आणि अखेर तह जाहला. कलमे ऐसी की, भिंत द्यावी. परंतु पेटीत धुळीचा कण दिसू नये, कारण सरकार ती पुसणार नाहीत. आणि सरकारांच्या तीर्थरूपांनी जावयास दिलेला चाकू पेटीच्या मधोमध, मानाच्या जागी बसवावा.

हा चाकू म्हणजे सासरेबुवांची आठवण. ते आता हयात नव्हते. मूठ जुन्या जातीच्या प्लास्टिकची, कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी, उजेडात धरिली तर मधासारखी दिसे. चष्मेवाल्यांनी कलम तात्काळ कबूल केले, आणि मनातही खुशी जाहले, कारण सासऱ्यांवर त्यांचा लोभ होता.

मग काय पुसता! भिंग चौकटीत बसविणारा हात तो. त्यांनी दुकानातून उत्तम काच आणिली, लाकूड घासले, आत मखमल लाविली, कडेस रबर, रबरावर डिंक, ऐसा बंदोबस्त केला की मुंगीस उसासा टाकावयाचा तरी बाहेर जाऊन टाकावा.

सरकारांनी जातीने पाहणी केली. म्हणाल्या, "आता वारा तरी जाईल का हो आत?"

"वारा? वाऱ्याचा बाप जाणार नाही!"

या एका वाक्याने पुढे घात केला. परंतु त्या दिवशी पेटी भिंतीवर चढली आणि चाकू लखलखले आणि पाव्हणे सोफ्यावर बसण्याचे विसरून उभ्याने पाहू लागले, आणि चष्मेवाल्यांची छाती ऐसी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या चिंतेत पडल्या.

काही महिने सुखाचे गेले. मग एके दिवशी शिंगाच्या मुठीच्या चाकूवर तपकिरी ठिपका दिसला. पाहता पाहता शेजारच्या पात्यावर दुसरा, आणि मग पितळी कडेस हिरवा बुरा. गंज! ज्यांस लिंबाचा स्पर्श होऊ दिला नाही, ते ऐसे बसल्या जागी जायबंदी होताना पाहोन चष्मेवाल्यांच्या तोंडचे पाणी पळाले. जेवण गोड लागेना. आणि माणसाचे डोके फिरले की जीभ आधी घसरते. त्यांनी सरकारांच्या खिडकीतील कुंड्यांवर तोहमत ठेविली, लादीच्या ओल्या पोछ्यावर ठेविली, आणि वर बोलिले, "घरात सदा न कदा ओल! तुला मुळात ती पेटी नकोच होती."

हे शब्द सरकारांस लागले. त्यांनी भांडण केले नाही, तेच वाईट. दुसऱ्या दिवसापासोन चहा येई, परंतु कपाखाली बशी नसे आणि कपामागे शब्द नसे. जाणत्यांनी ओळखावे की तह मोडला.

तेव्हां कन्या मध्ये पडली. पेटीसमोर उभी राहोन म्हणाली, "बाबा, आईवर नंतर चिडा. आधी नीट बघा. कोपऱ्यातले चाकू चकाचक आहेत. गंज मधेच का?"

लोकांस नजर देणारे चष्मेवाले, त्यांस स्वतःच्या भिंतीवरचे दिसले नव्हते! दुकानातील जाड भिंग आणोन पाहिले, तो खरेच. मधल्या चाकूपासोन जो जितका दूर तो तितका धड, आणि जो जवळ तो बरबाद. पेटी काढून काच उघडिली मात्र, आतून आंबूस कापरासारखा वास भपकन नाकात शिरला.

तो वास चष्मेवाल्यांच्या ओळखीचा होता. जुन्या प्लास्टिकच्या चष्म्याच्या फ्रेमी बंद ड्रॉवरमध्ये ठेविल्या की म्हातारपणी आंबतात, आंबट वाफ सोडतात आणि आपल्या व शेजारच्या बिजागऱ्या खातात; ही गोष्ट ते गिऱ्हाइकांस नित्य सांगत की, बाबांनो, आजोबांचा चष्मा डबीत कोंडू नका, वाऱ्यावर ठेवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तेच प्लास्टिक सासरेबुवांच्या चाकूच्या मुठीस होते. फितूर मधोमध, मानाच्या जागी बसला होता, आणि त्याची वाफ बाहेर न जावी म्हणोन किल्ल्याचे दरवाजे यांनीच चिणिले होते. कारागीर कच्चा असता, फटी राहत्या, तर फौज बचावती.

आता गंज राहिला बाजूस. बायकोस खोटा आळ घातला होता, आणि खरा गुन्हेगार तिच्या बापाची आठवण. हे तिला जाऊन सांगावे कैसे? चष्मेवाले चाकू तळहातावर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. मग सर्व सांगितले. कुंड्यांचे चुकले नाही, माझे चुकले, म्हणाले.

सरकारांनी चाकू घेतला. मुठीवरून अंगठा फिरविला. याच चाकूने वडील त्यांच्या शाळेच्या पेन्सिली तासून देत. डोळे भरले, आणि मग त्यांस एकाएकी हसू लोटले.

"अहो, बाबांना बंद खोलीत कधी चैन पडलंय का? आले की आधी खिडकी उघडायचे, मग चपला काढायचे. आणि दार लावून घेतलं की सगळ्यांचं डोकं खायचे. त्यांना कोंडलंत कशाला?"

मग हुकूम सुटला. सासरेबुवांच्या चाकूस स्वयंपाकघराची खिडकी जहागीर द्यावी, तेथे मोकळ्या हवेत खुंटीस टांगावे, आणि नुसते बसवून न ठेविता कामास लावावे. पेटीच्या तळाशी भोके पाडावी, आत धूळ जाईल ती चष्मेवाल्यांनी पुसावी, आणि तोहमतीबद्दल कुंड्यांस रोज पाणी घालावे. चष्मेवाल्यांनी सर्व कलमे मान्य केली, पाती घासली, तेल दिले; काही डाग गेले, काही राहिले ते राहिले. सासरेबुवांचे पातेही उजळिले, आणि दुसऱ्या सकाळी घरात प्रथमच दुधाची पिशवी चाकूने उघडली. दातांस पेन्शन मिळाली.

पेटी पुन्हा भिंतीवर चढली. फौज उभी राहिली, परंतु मधली जागा चष्मेवाल्यांनी रिकामी ठेविली, तेथे दुसरा चाकू बसविला नाही. पुढे एक पाव्हणा आला, त्याने सर्व निरखिले आणि विचारिले, "मधली जागा मोकळी का?"

"ती आमच्या सासऱ्यांची," चष्मेवाले म्हणाले. "ते आत खिडकीत बसलेत."

हे आत ऐकू गेले. येणेप्रमाणे दिवाणखान्याची मोहीम शेवटास गेली आणि भिंत कायमची सर जाहली, याची नोंद येथे पक्की करितो. कोणी पुरावा मागेल, तर तोही देतो: थोड्याच वेळात चहा आला, आणि चष्मेवाल्यांच्या कपाखाली बशी होती.