सासऱ्यांच्या होडीचं सुकाणू

दांडा बदलायचा, एवढंच ठरलं होतं. सुकाणूला हात नाही लावायचा, होडीला तर नाहीच नाही. सुकाणूच्या डोक्याला एक भोक असतं, त्या भोकात दांडा असतो, आपला दांडा मोडलाय, तर नवा घालायचा. पोस्टात चौदा वर्षं शिक्के मारणाऱ्या माणसाला एवढं जमू नये? (हा प्रश्न मी तेव्हा स्वतःलाच विचारला होता. बायकोला विचारला असता तर तिनं उत्तर दिलं असतं.)

झालं असं की शुक्रवारी आम्ही सगळे कुसकुस खायला बसलो होतो आणि माझे सासरे हाज ख्मैस चमचा खाली ठेवून म्हणाले, "रविवारी मला माझा शर्फिया बघायचाय."

वसीला, म्हणजे माझी बायको, जागच्या जागी थांबली. शर्फिया म्हणजे समुद्रात खजुराच्या झावळ्या रोवून केलेलं माशांचं कुंपण. सासऱ्यांनी पन्नास वर्षं ते सांभाळलं. सासूबाई गेल्यापासून सात महिने हा माणूस समुद्राकडे पाठ करून अंगणात बसला होता. होडीचं नाव सासूबाईंचंच, 'हलीमा', त्यामुळे तिच्याकडे तर ते बघतही नव्हते. आणि आज आपण होऊन म्हणतायत, जायचंय.

"जाऊ या ना हाज!" मी म्हणालो. "मी नेतो तुम्हाला."

"होडीचा दांडा मोडलाय," वसीला म्हणाली. "उस्ता तिजानीला सांग."

उस्ता तिजानी हा आमच्या अताया गावाचा सुतार. मी फोन केला. तो म्हणाला, ऑक्टोपसचा हंगाम तोंडावर आलाय, सगळ्या गावाच्या होड्या माझ्या दारात आहेत, दहा दिवस थांब.

"मी बसवतो," मी जाहीर केलं.

"तू?" वसीला म्हणाली. "तू गफ्साचा. तुमच्या गावात पाणी नळाला पण येत नाही."

हे तिचं नेहमीचं. मी वाळवंटाकडचा, खाणीच्या गावातला. अकरा वर्षं बेटावर राहतोय, पण अजून मला कोणी माशाचं काटेरी अंग कुठून धरायचं ते विचारत नाही.

तर दांडा. चांगलं, घट्ट, गोल लाकूड हवं. असं लाकूड होडीतच होतं: वल्हं! आता शीड असलेल्या होडीला वल्ह्याची गरज काय? मी एक वल्हं कापलं. छान लांब दांडा झाला. जरा जास्तच लांब, पण म्हटलं, असू दे, लांब असला की हात चांगला पोचतो.

दांडा भोकात जाईना. दांडा बारीक करायचा की भोक मोठं करायचं? दांड्यावर मी घासून घासून पॉलिश केलं होतं, म्हणून भोक मोठं केलं. हातोडीच्या तिसऱ्या घावाला सुकाणू वरून खालपर्यंत चिरलं. आवाज असा झाला की शेजारची बकरी उठून उभी राहिली.

वसीला दारात आली. "काय झालं?"

"सुकाणू पण जुनंच झालं होतं," मी म्हणालो. "बरं झालं आत्ताच कळलं."

नवं सुकाणू करायला फळी हवी. आमच्या पोस्टातलं काउंटर महिन्यापूर्वी बदललं होतं आणि जुन्याची फळी मागच्या अंगणात ऊन खात पडली होती. साहेबांना विचारून ती आणली. जुन्या सुकाणूचं माप घेतलं, कापली, रंधली, निळा रंग दिला. जुन्यावरचे दोन्ही लोखंडी खिळे काढून हिच्यावर बसवले. होडीच्या मागे दोन कड्या असतात; खिळे वरून त्या कड्यांत सोडायचे, झालं सुकाणू. बिजागरीवरच्या दारासारखं. मी दूर उभा राहून बघितलं आणि मला भरून आलं.

वसीलानं ते एका हातानं उचललं. "हलकं आहे रे हे."

"हलकं म्हणजे चांगलंच की."

"बाबांचं जुनं उचलायला दोन माणसं लागायची."

"म्हणूनच तर त्यांचे गुडघे गेले," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. माझी बायको बोलत नाही तेव्हा मी काळजी करायला हवी, हे मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. पण रंग ओला होता आणि मी खुशीत होतो.

रविवारी सकाळी हाज ख्मैस लाल टोपी घालून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून धक्क्यावर आले. वसीलानं त्यांना हात धरून होडीत बसवलं. उशी दिली, पाव आणि हरिस्साचा, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीचा, डबा दिला. माझ्याकडे बघून म्हणाली, "नीट ने त्यांना." त्या आवाजात थट्टा नव्हती.

निघालो. वारा अगदी गोड होता. पहिल्याच वळणाला दांडा सासऱ्यांच्या गुडघ्यावर बसला.

"अगं आई गं! हे काय आहे?"

"दांडा आहे, हाज. जरा लांब झालाय."

"होडी किती लांब आहे ते मोजलं होतंस का?"

दुसऱ्या वळणाला त्यांनी पाय वर घेतले. तिसऱ्याला आडवे झाले. त्यानंतर मी "वळतोय!" असं ओरडायचो आणि ते नमाजात वाकावं तसे वाकायचे. त्यात आणखी एक गोम अशी की दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. हे मला माहीत आहे. बसल्या जागी विचाराल तर मी लगेच सांगेन. पण होडीत बसलं की माझा हात वेगळं सांगतो आणि डोकं वेगळं.

"पोस्टमास्तर," सासरे म्हणाले (मी साधा कारकून, पण ते मला पोस्टमास्तर म्हणतात, आणि त्यात कौतुक नसतं), "तू शर्फियाकडे चाललायस की पार पलीकडच्या बंदरात, सफाक्सला?"

मग मात्र जमायला लागलं. दांडा एकदम हलका झाला. इकडे ढकल, तिकडे ढकल, काही जोरच लागेना. मी मनात म्हटलं, आला हात बसत! मी एका हातानं दांडा धरून दुसरा हात कमरेवर ठेवला. गाणंही गुणगुणलो.

"पोस्टमास्तर."

"बोला, हाज."

"तुझ्या मागून कोणी पोहत येतंय का?"

मी वळून बघितलं. "नाही. एक निळी फळी वाहतेय."

"मग ते आपलं सुकाणू असेल."

पुढे बघितलं तर माझ्या हातात नुसता दांडा. त्याच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. जुनं सुकाणू स्वतःच्या वजनानं कड्यांत बसून राहायचं. माझं काउंटरचं हलकं लाकूड एका लाटेसरशी तरंगत वर आलं, कड्यांतून सुटलं, दांड्यावरून निसटलं, आणि मी गाणं म्हणत राहिलो.

होडी आपली आपण वाऱ्याकडे वळली. शीड फडफडायला लागलं. सुकाणू तर केव्हाच लांब गेलं होतं.

"वल्ही काढ," सासरे म्हणाले.

मी पायाखाली बघितलं.

"वल्ही, बाळा."

"एक वल्हं... हे आहे," मी हातातला दांडा दाखवला. "आणि उरलेलं एकटं कशाला न्यायचं, म्हणून घरी ठेवलं."

हाज ख्मैसनी डोळे मिटले. मला वाटलं, प्रार्थना करतायत, म्हणून मीही सुरू केली. मग मी सदरा काढला आणि उभा राहून किनाऱ्याकडे हलवायला लागलो. "वाचवा! वाचवा!" किनाऱ्यावर ठिपक्यांएवढी माणसं दिसत होती. त्यातल्या एकानं हात हलवून आम्हाला प्रेमानं निरोप दिला.

"हाज," मी म्हणालो, "मला पोहता येत नाही. वसीलाला सांगा की मी प्रयत्न केला."

"उतर," ते म्हणाले.

"काय?"

"खाली उतर."

एवढा राग येईल असं वाटलं नव्हतं. पण चूक माझी होती. होडीचं ओझं कमी होऊन म्हातारा वाचत असेल तर वाचू दे. मी नाक दाबलं, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि उडी मारली.

पाणी कमरेपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं.

आमच्या बेटांभोवतीचा समुद्र असाच आहे. अर्धा तास चालत गेलात तरी छाती बुडेल तर शपथ. हे मला अकरा वर्षं माहीत आहे. दर उन्हाळ्यात मी त्यात उभा राहतो. पण मरणाच्या वेळी अशा गोष्टी आठवत नाहीत.

"शीड मी उतरवतो," सासरे म्हणाले. "तू दोर खांद्यावर घे. डावीकडे चल. डावीकडे! तुझं डावं, गाढवा, हां."

अशी मी ती होडी ओढत शर्फियापर्यंत नेली. झावळ्यांच्या कुंपणाशी आल्यावर सासऱ्यांनी हात पुढे करून एक झावळी चाचपली. कुठे सैल झाली होती तिथं बांधली. मग पुढची चाचपली, त्याच्या पुढची चाचपली. मीही पाण्यात उभा राहिलो. एक खेकडा माझा अंगठा तपासत होता, तरी मी पाय हलवला नाही.

"हलीमा म्हणायची," ते शेवटी म्हणाले, "मुलीला नवरा खेचरासारखा बघा. शहाणा नको, ओढणारा हवा. मी तिला हसायचो." मग त्यांनी हरिस्सा लावून पावाचा तुकडा माझ्या तोंडात घातला, कारण माझे हात दोरात होते. सात महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

परत येताना धक्क्यावर अर्धं अताया जमलं होतं. वसीला पुढे होती. आधी तिनं बाबांना बघितलं, लाल टोपी तिरकी करून उशीवर टेकलेले, एखाद्या सुलतानासारखे. मग मला, कमरेपर्यंत ओला, उघडा, खांद्यावर दोर. ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते कशाचं होतं ते मला कळेना. उस्ता तिजानी तर भिंत धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आपण होऊन आला. एवढं हसायला मिळाल्यावर दहा दिवस थांबवणं त्याला बरं वाटेना. तुतीच्या जड लाकडाचं सुकाणू, बेताचा दांडा; तासाभरात बसवून दिलं. हाज ख्मैस स्वतः दांडा धरून धक्क्यासमोर एक मोठी फेरी मारून आले. होडी अशी वळत होती की बघत राहावं.

"कसं आहे, हाज?" तिजानीनं अभिमानानं विचारलं.

सासऱ्यांनी जरा विचार केला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण याला वारा लागतो." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "ते कालचं बरं होतं. थांब म्हटलं की थांबायचं."