कांद्याच्या सालीचं दर्शन

‘आकृती पेन्सिलनेच काढावी, नावं उजव्या हातालाच द्यावीत.’ चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला आमच्या मास्तरांचा हा आवाज अजून माझ्या कानात घुमतो. विज्ञानाचा पाया निरीक्षण हा आहे, असं पुस्तक सांगतं. निरीक्षण टापटीप हवं, एवढीच भर मास्तरांनी घातली. तेवढ्या भांडवलावर मी विज्ञानशिक्षक झालो.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आला. प्रयोगशाळेच्या मामांनी तो तान्ह्या बाळासारखा जपला. त्याला झबलं शिवलं, दुपारचं ऊन लागू दिलं नाही. आजवर चारशे बारा मुलांनी त्यातून कांद्याच्या पेशी पाहिल्या. निकाल शंभर टक्के. पद्धत सोपी होती. रांग लावायची, एक डोळा मिटायचा, मी विचारायचं, “दिसलं?” मुलाने म्हणायचं, “दिसलं, सर.” मग पुस्तकाचं पान त्रेचाळीस उघडून, दिसलेलं वहीत उतरवायचं. (ज्याला दिसत नसे, तो पुन्हा रांगेच्या शेवटी. तोवर मधली सुट्टी होई. त्यामुळे दृष्टिदोषाचं प्रमाण शून्यावर आलं.)

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलीने नुसतं काळं वर्तुळ काढलं. पेन्सिलने, सुबक. उजव्या हाताला रेघ ओढून नाव दिलं: ‘अंधार’. मी टापटिपीचा एक गुण दिला (अगदीच दगड नाही मी) आणि तिला नापास केलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली, लेकीला घेऊन. बाई शिवणकाम करणाऱ्या.

“सर, हिला विज्ञानालाच जायचंय. नापास झाली तर माझ्याशेजारी मशीनवर बसेल, त्याची लाज नाही मला. पण दिसलं तेच काढलं म्हणते. मी एकदा बघू?”

नियमात पालकांच्या बघण्याची तरतूद नव्हती, तशी मनाईही नव्हती. मामांनी झबलं उतरवलं. पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवणारा तो डोळा बराच वेळ नळीवर टेकला. मग त्यांनी खाली वाकून नखाने चिकटपट्टी सोलली आणि भिंगावरचं काळं टोपण, तुटलेलं बटण ठेवावं तसं, माझ्या टेबलावर ठेवलं.

“हे काढायचं राहिलंय, सर.”

“धूळ बसते हो ताई,” मामा कळवळून म्हणाले. “आला त्या दिवसापासून मीच लावून ठेवलंय.”

मामांकडून लेखी खुलासा मागवता आला असता; मसुदा डोक्यात तयारही झाला होता. चारशे बारापैकी सात जण आज डॉक्टर आहेत. (तुमचं रक्त तेच तपासत असतील. आणि हसण्याआधी स्वतःची प्रयोगवही आठवा. तुम्हालाही दिसलंच होतं ना?)

पोरगी नुसती माझ्याकडे बघत होती. नुसती माझ्याकडे बघत होती. बघायची सवयच तिला.

“बाळ,” मी म्हणालो, “यंत्र आलं त्या दिवशी पहिला डोळा मी लावला होता. मुख्याध्यापकांनी विचारलं, दिसतंय का? समोर नुसतं काळंकुट्ट होतं. मी म्हणालो, सुरेख.”