सासरवाडीचा पहिला नंबर

आरोग्य खात्यातल्या आकडेतज्ज्ञाने सगळ्या जिल्ह्यांतल्या माणसांची वजनं तपासून अहवाल दिला. लठ्ठपणात पहिला नंबर नदीपलीकडच्या जिल्ह्याचा आला, म्हणजे नेमका त्याच्या सासरवाडीचा. कारण विचारणाऱ्या वार्ताहराला तो सहज बोलून गेला, की तिकडे चालणं कमी आणि आग्रह फार. दुसऱ्या दिवशी हे वाक्य त्याच्या फोटोसकट पेपरात छापून आलं.

बायकोने अबोला धरला. तो सुटला तो एवढंच सांगायला, की आईने रविवारी जेवायला बोलावलंय.

सासूबाईंनी नेहमीसारखं हसून स्वागत केलं. ताटात मात्र उकडलेल्या भोपळ्याच्या चार फोडी आणि वाटीभर पातळ सूप. पूर्वी या घरात 'नको' म्हणायला तोंड उघडावं, तर त्यात घास पडायचा. आज जावयाने ताट चाटूनपुसून आशेने वर पाहिलं, तरी कुणी वाढायला उठेना.

"अजून थोडं चाललं असतं," तो चाचरत म्हणाला.

"नको हो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "उगीच आग्रह होईल."

जेवण होताच मेहुणा व्यायामाला म्हणून सटकला. मग सासऱ्यांनी चपला घातल्या आणि जावयाला पाय मोकळे करायला चला म्हणाले. अर्धपोटी चालणं त्याच्या जिवावर आलं होतं, पण अहवाल त्याचाच होता. दोन गल्ल्या ओलांडून सासरे थेट बेकरीत शिरले. पेपर आल्यापासून घरात भोपळाच शिजतोय, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. "हिला मात्र कळू देऊ नका." कोपऱ्यातल्या टेबलावर मेहुण्याचा व्यायाम जोरात चालला होता. केकवरची नजर न काढता त्याने दोघांना जागा करून दिली.

तिघांची दुसरी फेरी येते न येते तोच दारात सासूबाई उभ्या. पायात कोरे करकरीत चालायचे बूट, मागे हसू दाबणारी लेक.

तिघेही ताडकन उठले. जावयाने मनापासून माफी मागितली, पण तोंड क्रीमने भरलेलं असल्यामुळे ती कुणालाच कळली नाही. सासूबाईंनी एकेकाकडे नीट पाहून घेतलं. तेवढ्यात बेकरीवाल्याने काही न विचारता त्यांच्यासमोर केकची बशी आणून ठेवली आणि म्हणाला, "आज उशीर झाला, काकू?"

सासूबाईंनी खुर्ची ओढली.

"बसा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही."